उष्णतेचा अपहार

पाणी तापवायला अक्कल लागत नाही, असा माझा परवापरवापर्यंत समज होता. पातेलं गॅसवर ठेवावं, आपण वर्तमानपत्र उघडावं, अग्रलेख संपेपर्यंत पाण्याला आपोआप उकळी फुटते. आमच्या घरात वर्षानुवर्षं पाणी असंच तापत आलं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण आमच्या मुलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं, तिच्या वाट्याला 'विद्युत रोधाच्या तारेने पाणी तापवणे' हा प्रयोग आला, आणि त्यानंतर आमच्या इमारतीत असं एकही घर उरलं नाही ज्याला त्या पाण्याची झळ लागली नाही.

मुलीला घरात मुंगी म्हणतात. अंगाने किरकोळ आहे म्हणून नव्हे. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की मधे भिंत येवो नाहीतर डोंगर येवो, ही आपली सरळ रेषेत चालत राहते, म्हणून. बोलते अगदी मोजकं. त्या दिवशी शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, नायक्रोमची तार लागेल. इस्त्रीत, शेगडीत असते ना, ती. वीज सोडली की तापते. ती पाण्यात ठेवायची. विजेने किती उष्णता दिली ते मोजायचं, पाण्याने किती घेतली ते मोजायचं."

"आणि मग?"

"मग दोन्ही जुळतात का ते बघायचं."

'जुळतात का' हे शब्द कानावर पडले आणि मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मी एका मोठ्या कार्यालयात लेखापरीक्षण विभागात आहे. जमा आणि खर्च जुळतात का हे बघण्यातच माझे केस पिकले. लोकांच्या हिशोबांवर लाल पेन्सिलीने आक्षेप काढणं हा माझा व्यवसाय. घरी मी तेच छंद म्हणून करतो असं बायकोचं म्हणणं आहे, पण त्या म्हणण्यालाही माझा आक्षेप आहे. सांगायचं एवढंच, की असा विषय घरी चालून आलेला असताना मी गप्प बसणं हे माझ्या पेशाला शोभलं नसतं.

"हे सगळं माझ्यावर सोड," मी म्हणालो.

"प्रयोग माझा आहे," मुंगी म्हणाली.

"तुझाच गं. मी फक्त देखरेख करतो."

आतून बायकोचा आवाज आला, "झालं कल्याण."

विज्ञानाच्या बाईंनी मुलांना बजावलं होतं की घरातल्या विजेला हात लावायचा नाही, सगळं बॅटरीवर करायचं. मुंगीने मला ते नीट सांगितलं होतं, हे मी नाकारत नाही. पण मला ते जरा पोरकट वाटलं. पाणी तापवायचं तर तापवावं, कोमट काय करायचं? त्यात दुसऱ्या दिवशी, मुंगी शाळेत असताना, वरच्या मजल्यावरचे पूलकाका चहाला आले. पूलकाका निवृत्त इंजिनियर. आयुष्यभर त्यांनी पूल बांधले, त्यामुळे पूल सोडून जगातल्या कुठल्याही विषयावर ते ठामपणे बोलतात.

"बॅटरी?" ते म्हणाले. "अहो, बॅटरीवर खेळण्यातली मोटार चालते. तार आणलीत ना? द्या सरळ प्लगात. मी आहे की."

'मी आहे की' या वाक्यावर विसंबून आजवर किती माणसं बुडाली असतील, याची कुठेतरी नोंद व्हायला हवी.

तार मी आणली होती. दुकानदाराने विजेच्या शेगडीची अख्खी कॉइल दिली, पण ती काही पातेल्यात मावेना. तेव्हा मी पक्कड घेऊन तिचा एक छोटा, सुबक तुकडा तोडला. तार आखूड केली की रोध कमी होतो आणि वीज मोकाट सुटते, हे मुंगीने मला नंतर समजावलं. पूलकाकांना ते आधीपासून ठाऊक होतं, पण तेही त्यांनी नंतरच सांगितलं. बायकोच्या आवडत्या पातेल्यात पाणी भरलं, तुकडा आत सोडला, वायरी जोडल्या. खबरदारी म्हणून पूलकाका रबरी चपला घालून स्टुलावर चढले आणि त्यांनी छत्रीच्या लाकडी दांड्याने बटण दाबलं.

मला एक निळा उजेड आठवतो. मग एक आवाज. मग संपूर्ण इमारतीत पसरलेली शांतता, आणि त्या शांततेत कुठूनतरी, बहुधा भिंतीच्या आतून, कुणीतरी माझ्या नावाने ओरडत असल्याचा भास. तो भास नव्हता. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी त्या वेळी लिफ्टमध्ये होते, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध होती. काहीही न बघता, काहीही न विचारता हे माझंच काम असणार असं त्यांनी ताडलं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पाणी मात्र होतं तसंच गार होतं.

संध्याकाळी मुंगी आली. तिने काळंठिक्कर पडलेलं पातेलं पाहिलं, माझी भुवई पाहिली (एकच, कारण दुसरी जवळजवळ उरली नव्हती) आणि म्हणाली, "बॅटरी लागेल." बस, एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी खालच्या फळ्यावर नोटीस लागली आणि तिची एक प्रत खास आमच्या दाराच्या फटीतून आत आली. 'यापुढे इमारतीत कोणताही वैज्ञानिक प्रयोग कार्यकारिणीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय करण्यात येऊ नये. पाणी तापवणे यात समाविष्ट आहे.' आता, नियम म्हणजे नियम. तो वाचताच माझ्यातला लेखापरीक्षक जागा झाला. या मजकुराप्रमाणे सबंध इमारतीला सकाळचा चहासुद्धा परवानगीशिवाय करता येणार नाही, असं मी सेक्रेटरींना लेखी कळवलं. त्यावर त्यांनी 'सुज्ञास सांगणे न लगे' असं उत्तर पाठवलं. हा शेरा माझ्या सुज्ञपणाच्या बाजूने आहे की विरुद्ध, हे मला ठरवता आलं नाही. बायकोने ती नोटीस फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवली. रोज दूध काढताना मला ती दिसावी, हा त्यामागचा उद्देश.

बॅटरीसाठी मी दारोदार हिंडलो. गाड्या पुष्कळांकडे होत्या, पण बॅटरीचं नाव काढताच प्रत्येकाला आपली गाडी त्याच आठवड्यात गावाला न्यायची होती. शेवटी मुंगी एकटीच उठली आणि थेट सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण थोड्या वेळाने सेक्रेटरी स्वतः आपल्या गाडीची बॅटरी उचलून आमच्या घरी आले, मागे मुंगी झाकण नसलेला पेन घेऊन. लेखी परवानगीही त्यांनीच लिहून आणली होती आणि तीत एक अट होती : 'मुलीच्या वडिलांनी कोणत्याही वायरीस स्पर्श करू नये.'

आणि ते गेले नाहीत. प्रयोग चालू असेपर्यंत बॅटरीशेजारी खुर्ची टाकून बसले. दवाखान्यात नातेवाईक बसतात तसे. मधूनमधून बॅटरीवर हात ठेवून बघत.

आता प्रश्न भांड्याचा. पातेल्याच्या अंत्यविधीनंतर बायकोने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं होतं, "यापुढे माझ्या एकाही भांड्याला हात लावायचा नाही. वाटीलासुद्धा नाही." मुंगीला तर धातूचंच भांडं हवं होतं. आणि तेव्हा, काय सांगू, माझी नजर शोकेसकडे गेली.

आमच्या शोकेसमध्ये मधल्या खणात, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून, एक करंडक ठेवलेला आहे. दोन कान, रुंद तोंड, जड बैठक. त्यावर माझं नाव आणि खाली 'एकही आक्षेप प्रलंबित नसलेला लेखापरीक्षक' असं कोरलेलं. हा सन्मान आमच्या कार्यालयात आजवर एकालाच मिळाला, कारण पुढच्या वर्षापासून तो द्यायचं बंद झालं. आमच्या मोठ्या साहेबांनी स्वतः दुकानात जाऊन तो निवडला होता. भर सभेत माझ्या हातात देताना ते म्हणाले होते, "हा करंडक पितळेचा आहे, पण तो मिळवणारा माणूस सोन्याचा आहे." टाळ्या झाल्या. पाहुण्यांना मी हे वाक्य पहिल्या चहाच्या आत सांगतो. काही पाहुणे आता चहा घेऊनच येतात.

"हा घे," मी करंडक मुंगीसमोर ठेवला. "अस्सल पितळ."

मुंगीने तो उचलून बघितला. "चालेल," म्हणाली. कोरलेली बाजू प्रेक्षकांकडे राहील अशी काळजी मी घेतली. आपल्या पोरीच्या प्रयोगाला आपला करंडक उपयोगी पडावा, यापेक्षा बापाला आणखी काय हवं? मला भरून आलं होतं. सेक्रेटरींना मी ते सोन्याचं वाक्य सांगितलं. त्यांनी बॅटरीवर हात ठेवून बघितला.

प्रयोग सुरू झाला. करंडकात मोजून पाणी, पाण्यात तार (या वेळी मुंगीने स्वतः मोजून कापलेली), तारेला बॅटरी, शाळेतून आणलेले वीज मोजायचे दोन मीटर, थर्मामीटर आणि माझं घड्याळ. घड्याळ बघायची मला परवानगी होती. पाण्याचा पारा हळूहळू चढू लागला. बायको कणभरही कौतुक करायचं नाही असं ठरवून आली होती, तीही वाकून बघू लागली. बैठकीच्या खोलीत, चुलीशिवाय, गॅसशिवाय, माझ्या करंडकात पाणी तापत होतं! पूलकाका जिन्यातून डोकावून "मी म्हटलंच होतं" असं म्हणून गेले.

मग मुंगीने हिशोब मांडला, आणि गडबड झाली.

विजेने दिलेली उष्णता एका बाजूला, पाण्याने घेतलेली दुसऱ्या बाजूला. दोन्हींत जवळजवळ पाव हिश्शाची तफावत! दिलेली जास्त, मिळालेली कमी. मी आकडे पुन्हा तपासले. बेरजा बरोबर, गुणाकार बरोबर. याला आमच्या खात्यात एकच शब्द आहे.

"अपहार," मी म्हणालो.

"उष्णता बाहेर गेली असेल," मुंगी म्हणाली.

"बाहेर म्हणजे कुठे? कुणाच्या परवानगीने?"

माझी तर झोप उडाली. कार्यालयात मी एवढ्या मोठ्या तफावतीवर माणसांना रडवलेलं आहे, आणि इथे माझ्याच बैठकीच्या खोलीत दिवसाढवळ्या पाव हिस्सा गायब! मी चौकशी सुरू केली. पहिला संशय खिडकीवर. बंद केली. मग पंख्यावर. तोही बंद. बायको म्हणाली, "अहो, भांडं उघडं ठेवलं तर वाफ जाणारच, झाकण ठेवा की." मुंगीने पुठ्ठ्याचं झाकण केलं, मधे थर्मामीटरपुरतं भोक. मग माझा लोकरी मफलर करंडकाला गुंडाळला. खिडकी बंद, पंखा बंद, घामाने आम्ही सगळे निथळतोय आणि करंडक तेवढा मफलर लावून बसलाय. पूलकाकांनी सुचवलं की उष्णतेने करंडक लांबला असेल, पूलसुद्धा लांबतात, त्यात थोडी उष्णता खर्ची पडते. मी त्यांना चहा दिला.

तूट कमी झाली, पण गेली नाही. मुंगीने प्रत्येक मोजणी पुन्हा केली, आणि मग पुन्हा केली. सेक्रेटरी खुर्चीत पेंगू लागले तरी तिचा हात थांबला नाही.

याचा एक परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला. सेक्रेटरींची गाडी सुरू होईना. बॅटरी आमच्या पाण्यात उतरली होती. नैतिक जबाबदारी म्हणून मी, कार्यालयाचे कपडे घालून, मागून गाडी ढकलत होतो, सेक्रेटरी आत बसून "अजून जोर!" म्हणत होते, आणि नेमकी त्याच वेळी शेजारून एक लांबलचक काळी गाडी हळूहळू गेली. काच खाली झाली. आमचे मोठे साहेब.

"वा!" ते म्हणाले. "या वयात व्यायाम सोडू नका." आणि काच वर गेली. त्या दिवशी कार्यालयात तीन वेगवेगळ्या माणसांनी माझ्या दंडाची चौकशी केली.

घरी आलो तो मुंगी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर करंडक ठेवून बसली होती. आईकडून काटा तिने कसा मिळवला कोण जाणे.

"बाबा," ती म्हणाली, "भांडंसुद्धा उष्णता घेतं. मी ते धरलं. एवढ्या वजनाचं पितळ किती उष्णता घेतं ते पुस्तकात दिलंय."

"मग? जुळलं?" मी आशेने विचारलं.

"नाही. पितळ एवढी उष्णता घेऊच शकत नाही." तिने जरा थांबून माझ्याकडे पाहिलं. "बाबा, मला वाटतं हे पितळ नाही."

आता हे ऐकून मी काय करायला हवं होतं? मी हसलो. मोठे साहेब, सभा, टाळ्या, सगळं पुन्हा सांगितलं. मुंगीने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती उठली, फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं (नोटीस भुईवर पडली) आणि करंडकाजवळ नेलं. पितळेला लोहचुंबक चिकटत नाही, हे मलासुद्धा माहीत होतं.

टक्.

मी ते ओढून काढलं. पुन्हा लावलं. टक्. कोरलेल्या बाजूला लावलं. माझ्या नावावर तर जरा जास्तच घट्ट बसलं.

माणसाचं पितळ उघडं पडतं असं म्हणतात. आमच्या बाबतीत उघडं पडायलाही पितळ नव्हतं. वरून पिवळा मुलामा, आत लोखंडाचा पत्रा. "लोखंड धरूनसुद्धा जुळत नाही," मुंगी करंडक उलटा करत म्हणाली. "ही बैठक उघडून बघू का? आत काहीतरी—"

"खबरदार!" मी करंडक तिच्या हातातून काढून घेतला. करंडकच पितळेचा नसेल तर त्या वाक्याच्या पुढच्या अर्ध्या भागाचं काय, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो तिथेच दाबला. "हे बघ, मुंगे. हे या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. विचारलं तर नुसतं 'भांडं' म्हण. कशाचं ते सांगायची गरज नाही. आपल्या घराची अब्रू आहे."

मुंगीने काटा उचलून ठेवला. मग म्हणाली, "दुसरं भांडं घेऊन सगळं पुन्हा करायला आता वेळ नाही."

"मग नुसतं 'भांडं'."

"बरं," ती म्हणाली. तिने शब्द दिला की दिला. मला हायसं वाटलं. बायको दारातून आमच्याकडे बघत होती. ती काहीच बोलली नाही, आणि आमच्या घरात यापेक्षा कडक शेरा नसतो.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी निघताना मी फ्रिजवरचं लोहचुंबक उचलून खिशात टाकलं. पुरावा जाग्यावर ठेवू नये. शाळेच्या दाराशी पोचलो तर तिथे पताका, रांगोळीच्या जागी खडूची चित्रं, आणि मोठ्या अक्षरांत प्रमुख पाहुण्यांचं नाव. मी ते दोनदा वाचलं. प्रमुख पाहुणे आमचे मोठे साहेब होते.

त्यांना टाळायला मी सभागृहात शिरलो, तर ते आधीच आत. प्रत्येक टेबलापुढे थांबत, मान डोलावत ते येत होते, सोबत परीक्षक म्हणून आलेले कॉलेजातले एक प्राध्यापक आणि विज्ञानाच्या बाई. मुंगीच्या टेबलावर सगळी मांडणी चोख होती. बॅटरीपाशी सेक्रेटरी, इस्त्रीचा शर्ट घालून, पहारा देत उभे. आणि मधोमध माझा करंडक, कोरलेली बाजू पुढे. आधी येऊन मांडणी केलेल्या मुंगीला ती सवय घरी मीच लावली होती.

"अरेच्चा!" मोठे साहेब थबकले. "हा तर आपला करंडक!" त्यांनी मला गर्दीत शोधून काढलं. "मी स्वतः निवडला होता. अस्सल पितळ! आणि मी तेव्हा काय म्हणालो होतो, आठवतं का?"

मला आठवत होतं. त्यांनी तरीही म्हणून दाखवलं.

मुंगीने प्रयोग सांगितला. थोडक्यात, स्वच्छ. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. तार तापली, पारा चढला. मला कधी इतकं उंच झाल्यासारखं वाटलं नव्हतं. मग प्राध्यापकांनी तिचे आकडे पाहिले.

"मांडणी उत्तम. झाकण, मफलर, सगळं नीट. पण दिलेल्या उष्णतेपेक्षा मिळालेली कमी दिसते आहे. भांड्याने घेतलेली धरलीस?"

"धरली."

"भांडं कशाचं आहे?"

मुंगी म्हणाली, "भांडं... धातूचं."

"पितळेचं!" मोठे साहेब म्हणाले. "सांगितलं ना, अस्सल!"

प्राध्यापकांनी डोक्यातल्या डोक्यात आकडेमोड केली आणि मान हलवली. "पितळ धरलं तर हे जुळत नाही, बाळ. एवढी तफावत म्हणजे मोजणीत चूक झाली. घाई झाली असेल, हो ना?"

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग खाली बघून म्हणाली, "असेल."

असेल! एकेक मोजणी पुन्हा पुन्हा करणारी माझी पोर, आयुष्यात कधी 'असेल' न म्हणालेली, माझ्या शोकेसच्या मधल्या खणासाठी स्वतःच्या मोजणीला चूक म्हणत होती. प्राध्यापकांनी पेनाचं टोपण काढलं. ते कागदावर टेकणार तोच कुणीतरी मोठ्याने बोललं.

"आक्षेप!"

सगळे वळले. मीही वळणार होतो, मग लक्षात आलं की आवाज माझाच होता. आता बोललोच आहोत तर, म्हणून मी पुढे झालो. "तिच्या मोजणीत चूक नाही. चूक करंडकात आहे. हा पितळेचा नाही." आणि खिशातलं लोहचुंबक काढून मी सगळ्यांसमोर माझ्याच नावावर लावलं.

टक्.

तो आवाज सभागृहाच्या शेवटच्या टेबलापर्यंत गेला. मोठे साहेब लोहचुंबकाकडे बघत राहिले. सेक्रेटरींनी आधारासाठी बॅटरीवर हात ठेवला. आणि काय आश्चर्य, मला लाज मात्र वाटत नव्हती.

"पण लोखंड धरलं तरी जुळत नाही," मुंगीची मान वर आली होती. "बैठकीत दुसरं काहीतरी आहे. खूप उष्णता घेणारं."

"काय आहे?" प्राध्यापकांनी विचारलं.

"माहीत नाही. बाबांनी उघडू दिलं नाही."

आता सगळे माझ्याकडे बघू लागले. मी करंडकातलं पाणी ओतून टाकलं, टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, करंडक आडवा केला आणि खालचा स्क्रू फिरवला. कुठल्याच वायरीला स्पर्श केला नाही, हे सेक्रेटरींनी लक्षात घ्यावं. बैठक निघाली आणि आतून पांढरं प्लास्टर निघालं, ढेकळंच्या ढेकळं, वजन वाढवायला ठासून भरलेलं. अर्धं टेबलावर, अर्धं मोठ्या साहेबांच्या चकचकीत बुटांवर.

प्राध्यापकांनी एक ढेकूळ उचललं आणि हसले. "गरम आहे! ही बघा तुमची हरवलेली उष्णता."

माझ्या लेखापरीक्षणाच्या साऱ्या कारकिर्दीत अपहाराचा माल जागच्या जागी, ऊन ऊन असा हाती लागण्याची ही पहिलीच वेळ. आणि तो पकडला होता माझ्या मुलीने.

मोठ्या साहेबांनी बुटांवरचं प्लास्टर झटकलं. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशीचं माझं अर्धं वाक्य खोटं ठरलं तर."

"हो," मुंगी म्हणाली. "दुसऱ्या अर्ध्याचा प्रयोग मी अजून केलेला नाही."

मग सगळ्यांत आधी मोठे साहेबच हसले, अगदी पोट धरून, आणि मग सगळं सभागृह. माझी बायको मागे उभी होती. ती विज्ञानाच्या बाईंना म्हणाली, "तो प्रयोग माझ्याकडे चालू आहे. आकडे घेते आहे अजून." पण बोलताना तिने माझा दंड धरला होता, गाडी ढकलून दुखावलेलाच, आणि मी हूं की चूं केलं नाही.

मुंगीला पहिला क्रमांक मिळाला. शाळेने करंडक न देता नुसतं प्रशस्तिपत्र दिलं, ते एका अर्थी बरंच झालं. फळ्यावर आता सुधारित नोटीस आहे की इमारतीत वैज्ञानिक प्रयोग मुंगीच्या देखरेखीखाली करण्यास हरकत नाही. पूलकाका भेटेल त्याला सांगतात की त्या करंडकाबद्दल त्यांना सुरुवातीपासूनच शंका होती.

बैठक पुन्हा बसवून करंडक मी शोकेसमध्ये परत ठेवला आहे, मधल्याच खणात. आता तो खूपच हलका झाला आहे. पाहुणे आले की मी त्यांना आधी तोच दाखवतो आणि सोन्याचं वाक्य न सांगता सगळी हकिकत पहिल्यापासून सांगतो, पातेल्यासकट. चहा गार होतो, पण होऊ दे. करंडकावर जिथे माझं नाव कोरलं आहे, तिथे आता मुंगीचं प्रशस्तिपत्र लोहचुंबकाने लावलेलं आहे. पितळेचा असता तर ते तिथे राहिलं नसतं.